पाठमोरा

त्या दुपारी आम्ही फुटपाथवर उभे होतो आणि तो मुलगा जाळीला पाठ लावून, आमच्याकडे तोंड करून. अंगात पोपटी जाकीट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, मुठीत शिट्टी. वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याच्या मागे सिमेंटचे ठोकळे, ठोकळ्यांवर उंच लोखंडी जाळी, आणि जाळीपलीकडून दर सव्वा मिनिटाने गाड्यांचा झोत जात होता. जाळीवर बहुतेक ठिकाणी जाहिरातींचे फ्लेक्स ताणून बांधलेले, पण दोन फ्लेक्सच्या मध्ये वीतभर फट राहिली होती. बाबांनी ती बरोबर हेरली. शहात्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, आणि फटीसमोर कमरेत वाकून उभा. मुलाने शिट्टी तोंडाशी नेली. तेवढ्यात आमचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं, कारण शिट्टी वाजली नाही. "काका, इथं थांबायचं नाई," तो हळू आवाजात म्हणाला. मराठीत. बाबा ताठ झाले. "कुठला रे तू?" "देगलूरकडला." "मग पाच मिनिटं बघू दे की." त्याने डावीउजवीकडे नजर टाकली आणि दोन पावलं सरकून उभा राहिला. फट पूर्ण मोकळी झाली. गाड्या पुन्हा आल्या, त्यांच्या वाऱ्याने त्याच्या मानेवरचे केस उडाले, तरी त्याने वळून पाहिलं नाही. बाबांनी विचारलं, "तू पाहिलीस का नाही शर्यत?" तो म्हणाला, "आमाला मागं बघायचं नसतंय काका. पब्लिककडं बघायचं."

त्याचं नाव मी विचारलं नाही.

११ फेब्रुवारी २०२३, शनिवार. फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतली भारतातली पहिली शर्यत, आमच्या हैदराबादेत, तीही हुसेनसागर तळ्याच्या काठावर, सचिवालयाच्या दारात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०१३ साली फॉर्म्युला वन झाली ती शेवटची. त्यानंतर एवढ्या मोठ्या दर्जाची शर्यत देशात नव्हती. आठवडाभर आधीपासून एनटीआर मार्ग बंद, लुंबिनी पार्क बंद, तेलुगू तल्ली फ्लायओव्हरची वाहतूक वळवलेली. लकडी का पूलपाशी सगळ्या शहराच्या गाड्या एकमेकींत अडकून पडत होत्या आणि मीही त्यात रोज अडकत होते. ज्या दिवशी बाबांची डोळ्यांची तपासणी होती, त्या दिवशी आम्ही रिक्षातच तास काढला आणि डॉक्टरांची वेळ हुकली. घरी येऊन मी तावातावाने बोलले, की कुणाची तरी हौस आणि हाल आपले. बाबा ऐकत होते. संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "ती गाडी कशी असते गं? तिला इंजिनच नसतं म्हणे."

बाबांनी आरटीसीत, म्हणजे सरकारी बसच्या डेपोत, तीस वर्षांवर मेकॅनिक म्हणून काढली. आरटीसी म्हटलं की ते अजून सरळ बसतात. निजामाच्या रेल्वेची एक शाखा म्हणून १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांवर सुरू झालेलं हे खातं, हे ते पाहुण्यांना हमखास सांगतात. गाड्यांच्या नंबरात तो 'झेड' का येतो, तर निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावासाठी, हेही. लहानपणी मी त्यांच्यासोबत डेपोत जायची. काळ्या ऑइलने माखलेली जमीन, खड्ड्यात उतरलेली माणसं, वरून फक्त त्यांची डोकी दिसायची. एखादी गाडी कुरकुरतेय अशी तक्रार आली की बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला दहा गाड्या घरघरत असायच्या, पण ते ऐकायचे फक्त त्या एकीचं. "तीन नंबरचा टॅपेट," म्हणायचे, आणि तोच निघायचा. दुरुस्त झालेली गाडी टँक बंडवरून, म्हणजे हुसेनसागरच्या बांधावरच्या रस्त्यावरून, एक चक्कर मारून आणायची, ही ट्रायल. मी शेजारच्या सीटवर. एका बाजूला तळं, एका बाजूला शहर, आणि गिअर बदलला की पायाखालचा पत्रा थरथरायचा. त्या तळ्याच्या तळाशी तेव्हा बुद्ध होता. मार्च १९९० मध्ये तराफ्यासकट ती अजस्र मूर्ती पाण्यात गेली, माणसं गेली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये ती आता दिसते तशी मध्यावर उभी राहिली. मधली पावणेतीन वर्षं मी प्रत्येक ट्रायलला खिडकीतून पाण्याकडे पाहत बसायची. पाण्याखाली कुणीतरी निजलंय आणि आपण त्याच्या उशाशी हॉर्न वाजवतोय, असं वाटायचं.

म्हणून तिकीट काढूया म्हटल्यावर ते दुखावले होते. तिकिटं हजार रुपयांपासून होती, पैशांचा प्रश्न नव्हता. "ज्या तळ्याभोवती मी जन्मभर गाड्या फिरवल्या, तिथला रस्ता बघायला तिकीट?" आणि तरी शनिवारी जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चष्मा पुसला आणि दारात चपला सरकवत म्हणाले, "लांबून तर दिसेल." आयमॅक्स चित्रपटगृहाच्या मागच्या अंगाला, पोलिस जिथवर सोडत होते तिथवर, आम्ही चालत गेलो. आमच्यासारखे पुष्कळ होते. स्कूटर स्टँडला लावून सीटवर चढलेली पोरं, खांद्यावर मूल घेतलेला बाप, बुरख्यातल्या तिघी मैत्रिणी, डब्याची पिशवी हातात तशीच घेऊन ड्युटीवरून आलेली एक बाई. सगळे माना उंच करून फ्लेक्सच्या वरून काही दिसतं का पाहत होते. तीन वाजता आतल्या स्टँडमधून आरोळी उठली आणि आम्हाला कळलं की शर्यत सुरू झाली.

पहिल्यांदा बाबांचा चेहरा पडला. त्यांना इंजिनाचा गडगडाट हवा होता. आला तो वेगळाच आवाज. आधी बारीक शीळ, मग ती चढत चढत किंचाळीसारखी, तिच्यात टायरांची करकर, आणि गाडी समोरून गेल्यावर एकदम पोकळी. दुसऱ्या फेरीला ते फटीशी गेले. तिसऱ्या फेरीला त्यांनी डोळे मिटले. मी ओळखलं, ते ऐकतायत. पाच-सहा फेऱ्यांनंतर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर डेपोतलं ते जुनं तेज होतं. "गिअरच नाही! एकाही गाडीने गिअर बदलला नाही. आणि वळणावर वेग उतरतो, पण ब्रेकचा वास नाही." दोन्ही खरं होतं. या गाड्यांना एकच गिअर असतो. त्या वर्षी नव्यानेच आलेल्या गाड्यांना मागच्या चाकांचा नेहमीचा ब्रेक काढून टाकला होता. चालकाने वेग उतरवला की मोटर उलटं काम करते आणि चाकांची ताकद वीज होऊन बॅटरीत परत जाते. शर्यतीत खर्ची पडणाऱ्या ऊर्जेतली चाळीस टक्क्यांहून जास्त अशी वळणावळणांवर गोळा होते. हे मी रात्री त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमची सगळी ताकद लायनरमध्ये जळून जायची. मेहदीपट्टणमहून सिकंदराबादला जाईपर्यंत ड्रायव्हर शंभर वेळा ब्रेक मारायचा. ते सगळं परत आलं असतं, तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे कुठले आकडे फिरत होते ते मला कळलं. डेपोच्या डिझेलचा हिशेब कधी काळी त्यांच्याकडे होता.

२.८३ किलोमीटरचा तो फेरा, अठरा वळणं. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न जिंकला, न्यूझीलंडचा निक कॅसिडी शेवटच्या रेषेपर्यंत त्याच्या पाठीला लागून होता. सचिन तेंडुलकर आतमध्ये होता हे आम्हाला घरी टीव्हीवर कळलं. जॅग्वारच्या दोन गाड्या एका अवघड वळणावर एकमेकींना धडकून बाद झाल्या, ते पाहून बाबांना मनापासून वाईट वाटलं. "एकाच डेपोच्या दोन गाड्या रे," असं ते टीव्हीकडे पाहून दोनदा म्हणाले. महिंद्राच्या गाडीचा लाल रंग दिसला की त्यांचा हात आपोआप मांडीवर पडायचा. एका दुपारीत त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं होतं आणि आठवडाभर रागावलेली मी त्यांच्या शेजारी बसून पुन्हा पुन्हा तेच वळण पाहत होते. राग गेला नव्हता. पण त्याच्या शेजारी काहीतरी हलकं, आनंदाचं येऊन बसलं होतं, आणि दोघं एकमेकांना जागा द्यायला तयार नव्हते.

रात्री झोपताना मात्र तो मुलगा आला. पाठीमागे एवढं सगळं चाललेलं, आणि तो आमच्या चेहऱ्यांकडे पाहत उभा. आमच्या चेहऱ्यांवरून त्याने शर्यत पाहिली असेल का? बाबांचे डोळे विस्फारले की त्याला कळत असेल, आता कुणीतरी कुणाला तरी मागे टाकलं?

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला आम्ही परत त्याच रस्त्यावर होतो. विसर्जनाला. एनटीआर मार्गावर तळ्याच्या काठाने क्रेनची रांग लागते, प्रत्येकीला नंबर. खैरताबादचा गणपती त्या वर्षी त्रेसष्ट फुटी होता, आणि त्याची क्रेन चार नंबरची. १९५४ साली सिंगरी शंकरय्या यांनी टिळकांची प्रेरणा घेऊन तो पहिल्यांदा बसवला, तेव्हा तो फूटभर होता. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चौडी भागात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. खैरताबादला जाताना दर वर्षी कुणीतरी म्हातारं माणूस सांगतंच. गाडी पुढे सरकत होती, मर्फा वाजत होता, तीनमारच्या ठेक्यावर अनोळखी पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचत होती. ताकाची पाकिटं, पाण्याचे पाऊच, चिखल, झेंडूचा आणि घामाचा वास. "गणेश महाराज की" म्हटलं की सगळ्या रस्त्यातून "जय". ज्या डांबरावरून सात महिन्यांपूर्वी त्या शिट्टीसारख्या गाड्या गेल्या होत्या, त्याच डांबरावर माझ्या पायाला झेंडूच्या पाकळ्या चिकटत होत्या. नवं डांबर अजून ओळखू येत होतं. जुन्या रस्त्यापेक्षा काळं आणि इतकं सपाट, की मूर्तीची गाडी त्यावर आली तेव्हा तिची डुगडुग थांबली. बाबांनी ते लगेच दाखवलं. "बघ, शर्यतीचा रस्ता गणपतीला लागला."

त्रास त्याही दिवशी होताच. त्याही दिवशी अर्धं शहर बंद, दवाखान्यात निघालेली माणसं अडकलेली, तळ्याची जी अवस्था होते ती तर मी पाहूही शकत नाही. मग एका बंद रस्त्यावर माझा राग का, आणि दुसऱ्यावर डोळ्यांत पाणी का? मी स्वतःशी पुष्कळ भांडून पाहिलं. आपलं ते आपलं, एवढंच उत्तर असेल तर ते मला लाजिरवाणं वाटतं. पण त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. अनंत चतुर्दशी आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांचा जन्मदिवस, एकाच तारखेला आले होते. मिलादच्या जुलूस समितीने आपली मिरवणूक तीन दिवस पुढे, १ ऑक्टोबरला नेली. एका मिरवणुकीने दुसरीसाठी रस्ता सोडला. रस्ता मागून घ्यावा लागतो, त्यासाठी बैठका होतात, कुणी एक पाऊल मागे जातं, हे या शहराला शतकांपासून ठाऊक आहे. शर्यतीच्या वेळी कुणी आम्हाला काही मागितलंच नाही. मागितलं असतं तर बाबांनी आनंदाने दिलं असतं. त्यांना ती शर्यत हवी होती, आणि आता कबूल करते, मलाही. आम्हाला फक्त फ्लेक्स नको होते.

टँक बंडवर २०२१ पासून रविवारी संध्याकाळी गाड्या बंद करायला लागले, तेव्हाची आठवण येते. 'सनडे फनडे' असं त्याला नाव दिलं. तिथेही तोच बंदोबस्त, तेच वळवलेले मार्ग. पण रस्ता बंद झाला की आत जायला कुणालाही मुभा. मी रस्त्याच्या बरोबर मधोमध चालले होते, पांढऱ्या तुटक पट्ट्यावर पाय ठेवत. जन्मभर ज्या रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून गेलो, त्याच्या मध्यावर उभं राहून तळ्याकडे पाहायचं. बाबांनी तिथे थांबून चपला काढल्या आणि तळपाय डांबरावर टेकवले. दिवसभराचं ऊन त्यात होतं. लोक पाहत होते, मी त्यांना थांबवलं नाही.

शहरांना आपल्या मधोमध शर्यत का हवी असते, हे मला पूर्वी कळत नसे. मोनॅकोत १९२९ पासून ती चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचने १९७५ मध्ये आपल्या उतरती कळा लागलेल्या किनाऱ्याला उभारी यावी म्हणून गाड्या आणल्या, आणि तिथे त्या अजून धावतात. सिंगापूरने २००८ मध्ये रात्रीच्या रस्त्यांवर दिवे लावून धाववल्या. दूर कुठेतरी माळावर बांधलेल्या ट्रॅकला शहर पाठीशी नसतं. इथे असतं. एरवी सिग्नलला कंटाळून उभं राहायचं ते वळण, रोज कचऱ्याची गाडी थांबते तो कोपरा, एका दिवसासाठी जगातल्या उत्तम चालकांना घाम फोडतो, आणि त्या वळणावर राहणाऱ्याला वाटतं, हे माझं वळण आहे. अभिमान वाटतो आणि तो खराच असतो. पण तो घ्यायला माणूस तिथे असावा लागतो. रस्त्यातल्या गटारांची झाकणं वेल्डिंग करून बंद करावी लागतात, खांब हलवावे लागतात, झाडांना धक्का लागतो, आणि एवढं करून ज्यांची ती रोजची वाट, ती माणसं फ्लेक्सच्या मागे टाचा उंचावून उभी. टाचा उंचावलेली ती माणसं मला कुठल्याही स्टँडपेक्षा जास्त आठवतात. डब्याची पिशवी घेतलेली ती बाई शेवटपर्यंत थांबली होती. तिला काहीच दिसत नव्हतं. ती आवाज ऐकत होती.

त्या फेब्रुवारीत तिथे सगळं अर्धवट उभं होतं. नवं सचिवालय पुरं व्हायचं होतं, ते एप्रिलअखेरीस उघडलं. पलीकडे बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा उभारला जात होता, आपल्या धुळ्याच्या मातीतले राम सुतार यांच्या हातचा; १४ एप्रिलला अनावरण झालं. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मूर्ती मोकळी उभी होती. मग निवडणूक झाली, सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली की दुसरी शर्यत होणार नाही. ती १० फेब्रुवारीला ठरली होती. बातमी वाचून मी बाबांकडे पाहिलं. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी ती उशीखाली ठेवली, एवढंच.

१० फेब्रुवारीला, शनिवारी, दुपारी तीनच्या सुमाराला ते म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ." रिक्षा केली. रिक्षावाला जुन्या शहरातला, म्हातारासा. बाबांनी त्याला सांगितलं, "भाई, आहिस्ता चलाओ, जल्दी नक्को." एनटीआर मार्गावरून आम्ही निघालो. रस्ता चालू होता. शाळेची व्हॅन, कॉलेजची पोरं, पाण्याचा टँकर, एक नवरा-नवरी फोटोग्राफरसह दुभाजकाजवळ. तळ्याचा तो ओळखीचा वास आला आणि गेला. बाबा वळणं मोजत होते, बोटांवर. मी त्यांना मोजू दिलं. आयमॅक्सच्या मागे आल्यावर त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "बस, यहीं रोको."

त्यांना ती जागा बरोबर सापडली. जाळी नव्हती, फ्लेक्स नव्हते, कडेला सिमेंटचा एक ठोकळा मागे राहिला होता, त्यावर कुणीतरी चहाचा कागदी कप ठेवून गेलं होतं. मला वाटलं, ते आता वळणाकडे पाहणार. ते ठोकळ्याजवळ गेले, कप उचलून बाजूला ठेवला आणि रस्त्याकडे पाठ करून, ठोकळ्याला टेकून उभे राहिले. फुटपाथकडे तोंड करून. मागून गाड्या जात होत्या, त्यांचा शर्ट हलत होता.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. समोर आम्ही उभे होतो त्या जागी आता बुट्टेवाला बसला होता. तो निखाऱ्यांवर कणीस फिरवत होता, लिंबाची फोड मिठात बुडवत होता, आणि धूर सरळ बाबांच्या तोंडावर येत होता. "तो पोरगा दिवसभर इथे उभा होता," ते म्हणाले. "जेवला असेल का गं?"